वीस खाटा आणि वरची एक

ताईंच्या पोटात दुखायला लागलं ते एका मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला, मेट्रनबाईंच्या खोलीत. आणि हे दुखणं गोळीने जाणारं नव्हतं. समोर धाकटी उभी होती, मेट्रनबाई तिच्या पाठीवर हात ठेवून हसत होत्या आणि बाकीच्या सिस्टर टाळ्या वाजवत होत्या. ताईंनीही वाजवल्या. न वाजवून करतात काय बिचाऱ्या! पण ऐकणाऱ्याला वाटलं असतं, बाई डास मारताहेत.

आता या ताई कोण, ते आधी सांगायला हवं. मानसिक आजारांच्या इस्पितळात बायकांचा एक वॉर्ड होता, वीस खाटांचा. त्या वॉर्डात सव्वीस वर्षं काढलेली सिस्टर म्हणजे ताई. खरं नाव वेगळं होतं, पण ते हजेरीच्या कागदापुरतं. बाकीच्या सिस्टर त्यांना ताई म्हणत, पेशंट ताई म्हणत, वयाने चार वर्षं मोठे असलेले डॉक्टरसुद्धा ताईच म्हणत. अंगाने भक्कम. आवाज असा, की कॉरिडॉरच्या त्या टोकाला भांडण पेटलं तर या टोकाहून नुसतं "काय गं?" म्हटलं तरी विझायचं. आज कोणती पेशंट बिथरणार, हे त्यांना तिच्या सपातांच्या आवाजावरून कळायचं. जेवणं झाली की चमचे मोजून घ्यायचे असतात, ते त्या बोलता बोलता मोजायच्या आणि एकही चुकायचा नाही.

पण ताईंचा खरा दरबार भरायचा चादरींच्या खोलीत. कोणा सिस्टरला पेशंटने थोबाडीत मारली, कोणाच्या अंगावर कोणी थुंकलं, कोणाला तासभर आईवरून शिव्या खाव्या लागल्या, की ती पोरगी ओठ दाबून कशीबशी राऊंड संपवायची आणि ताईंकडे बघायची. ताई मानेनेच खूण करायच्या. आत गेलं की दार लोटायचं आणि एकच उपचार. "रड. दोन मिनिटं. मग तोंड धू आणि चल." पोरी रडायच्या, तोंड धुवायच्या आणि चालायला लागायच्या. पुढे कधीतरी म्हणायच्या, "ताई होत्या म्हणून टिकले." ताई "चल, काहीतरीच तुझं!" म्हणून हात झटकायच्या आणि दिवसभर ते वाक्य मनात घोळवायच्या. कोणाला चहाची चटक लागते, कोणाला तपकिरीची. ताईंना या वाक्याची लागली होती.

मग वरून पत्रक आलं. सिस्टर लोक टिकत नाहीत, आजारपणाच्या रजा वाढल्यात, दोन वर्षांत बदली मागतात, तेव्हा त्यांच्या मनाची काळजी घेण्यासाठी काहीतरी करा. आधी एक बाई आल्या आणि त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावून मनातल्या मनात समुद्रकिनाऱ्यावर नेलं. उंच सिस्टर किनाऱ्यावर पोचायच्या आत घोरायला लागली. मग ठरलं, दर वॉर्डात एक सोबतीण नेमायची. ड्यूटी बदलताना तिने सगळ्यांसोबत थोडं बसायचं, कोणाचं काय चाललंय ते ऐकायचं आणि कोणी खचत असेल तर वेळेवर सांगायचं. पत्रक वाचून बडबडी सिस्टर म्हणालीसुद्धा, "यात नेमायचं काय? ताई आहेतच की." ताईंनी हात झटकला. पण घरी जाऊन नवऱ्याला ठरल्यासारखंच सांगून मोकळ्या झाल्या.

आणि मेट्रनबाईंनी नाव घेतलं ते धाकटीचं!

धाकटी म्हणजे वॉर्डातली सगळ्यांत लहान, एकतीस वर्षांची. येऊन आठ महिने झाले होते. अंगाने बारीक, चालणं भरभर, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची. आईबरोबर राहायची. बोलणं आर्जवी, हसणं मोकळं, कामाला चोख. म्हणजे नाव ठेवायलाही जागा नाही. "ताईंवर आधीच केवढा भार आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. भार! म्हणजे म्हातारी झाली म्हणायचं, तेही साखरेत घोळून. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर काचेच्या कडा बघून बघून त्याला माणसांच्याही कडा नीट दिसायच्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला ते काम हवं होतं, की तुझं नाव घ्यायला हवं होतं?"

"दोन्ही!" ताई ओरडल्या.

"मग बरोबर आहे, डबल दुखणारच," म्हणून तो आंघोळीला गेला.

आता या वॉर्डातली एक रीत. ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला खाटेवार सांगते. खाट एक, झोप सहा तास, जेवण अर्धं, औषध घेतलं, मन उदास, सकाळी एकदा रडली. खाट दोन, झोप नाही, जेवण नाही, भिंतीशी बोलते. अशा वीस खाटा संपल्या की चाव्यांचा जुडगा हातात द्यायचा आणि सुटायचं. धाकटीने पहिल्या दिवशी काय केलं, वीस खाटा सांगून झाल्या तरी चाव्या हातातच ठेवल्या. म्हणाली, "खाट एकवीस. सिस्टर, वय एकतीस. झोप सात तास, जेवण पूर्ण. सकाळी खाट नऊने हात पिरगाळला तेव्हा घाबरले. आता ठीक." मग चाव्या उंच सिस्टरच्या हातात देत म्हणाली, "आता तुमची एकवीस सांगा."

सगळ्या खिदळल्या. उंच सिस्टरही हसत हसतच म्हणाली, "खाट एकवीस. झोप चार तास." आणि तिथेच अडली. सासरे घरी अंथरुणाला खिळले होते, ते रात्रभर हाका मारायचे, आणि इथे येऊन परत हाकाच ऐकायच्या. सहा महिन्यांत ती हे कोणाला बोलली नव्हती. बोलायला लागली तर दहा मिनिटं थांबली नाही. कोणी तिला समजावलं नाही, उपदेश केला नाही. पेशंटचं ऐकतात तसं नुसतं ऐकलं. शेवटी तिने नाक पुसलं आणि स्वतःच म्हणाली, "मन, जरा हलकं."

महिन्याभरात एकवीस नंबरची खाट सगळ्यांच्या तोंडी झाली. बाजूच्या वॉर्डातल्या सिस्टर बघायला येऊन गेल्या. रजा कमी झाल्या. मेट्रनबाई डॉक्टरांना कौतुकाने सांगत सुटल्या.

कल्पना टाकाऊ असती तर ताईंना इतका त्रास झाला नसता. चांगली होती, हेच तर दुखणं! ना समुद्रकिनारा, ना फॉर्म. रोजचंच काम, त्याच शब्दांत, फक्त एक खाट पुढे. सव्वीस वर्षं ताई वीस खाटा सांगून चाव्या देत आल्या होत्या. हे मला का सुचलं नाही, या एका प्रश्नाने त्यांचा घास गोड लागेना. स्वतःची पाळी आली की त्या तीन शब्दांत आटपायच्या, "एकवीस. सगळं ठीक," आणि चाव्या टेबलावर खळकन टाकायच्या.

चादरींच्या खोलीत आता फक्त चादरी. ताई मुद्दाम तिथे घड्या घालत रेंगाळायच्या, पण कोणी फिरकायचं नाही. कोणाचा चेहरा पडलेला दिसला की ताई मानेने खूण करायच्या आणि ती पोरगी म्हणायची, "असू दे ताई, दोन वाजता सांगीन." दोन वाजता, धाकटीसमोर! त्यात भर म्हणून चौदा नंबरच्या मालकीणबाई. या पेशंटची ठाम समजूत होती की इस्पितळ तिचं आहे आणि बाकी सगळे तिच्याकडे कामाला. रोज सकाळी हात पाठीमागे बांधून पाहणी करायची. नखं मात्र फक्त ताईंकडून कापून घ्यायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. एक दिवस ताई नेलकटर घेऊन गेल्या, तर बाईसाहेबांनी दहाही बोटं नाचवून दाखवली. "त्या नव्या कामगाराकडून कापून घेतली. तिचा हात हलका आहे." ताईंनी नेलकटर कपाटात ठेवून कुलूप असं घातलं, की खाट तीन झोपेतून उठून बसली.

त्या दिवसापासून ताईंनी धाकटीवर नजर ठेवायला सुरुवात केली. कुठेतरी चुकेलच की! माणूसच आहे. एक जुनी डायरी पर्समध्ये पडून होती, तिच्या मागच्या पानांवर त्या लिहायला लागल्या. सव्वीस वर्षांत एकाच पद्धतीने लिहायची सवय, तेव्हा तसंच लिहिलं. वेळ टाकून, कमी शब्दांत, जे दिसलं तेवढंच. नाव लिहिलं नाही, कोणाच्या हाती पडली तर उगाच शोभा. आणि दिसायला लागलं, बरं का. बघायचंच ठरवल्यावर ताईंच्या नजरेतून काय सुटतं! धाकटी डबा उघडायची आणि बडबडीपुढे सरकवायची. गोळ्या चारचारदा मोजायची. मागून हाक मारली की दचकायची. डब्याच्या वेळेत हिचा फोन, तिचा फोन, प्रत्येकीचं ऐकून घ्यायची. आणि एवढं असून दोन वाजता रोज तेच, "झोप सात तास, जेवण पूर्ण, मन ठीक." अठरा दिवस तेच! स्वतःची एकवीस खोटी सांगते ही! ताईंना इतका आनंद झाला, की त्या दिवशी त्यांनी मालकीणबाईंना सलाम ठोकला.

ठरलं. सोमवारी डायरी घेऊन मेट्रनबाईंकडे जायचं. बघा म्हणावं तुमची सोबतीण. रविवारी संध्याकाळी चहा झाल्यावर ताईंनी नवऱ्याला समोर बसवलं आणि चवीने वाचायला सुरुवात केली.

"साडेबारा. डबा उघडला, खाल्ला नाही. पाणी दोन घोट. एक वाजून पाच, बाथरूममध्ये नळ सोडून अकरा मिनिटं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल, चेहरा हसरा. दीड, गोळ्या चार वेळा मोजल्या, बोटं थरथरतात. पट्टा तीन आठवड्यांत दोन भोकं आत गेला. हाक मारली तर दचकते. विचारलं तर म्हणते सगळं ठीक. रोज एकाच शब्दांत, एकाच सुरात."

ताईंनी मोठ्या अपेक्षेने वर बघितलं. नवरा चष्मा पुसायचा थांबला होता.

"कितव्या खाटेवर आहे गं ही?" त्याने विचारलं.

"कोण?"

"ही पेशंट. बिचारी. तिच्याजवळ कोणी बसतं का? एकटीला ठेवत नसाल ना तिला?"

नवरा "काय झालं?" म्हणत राहिला, पण त्यांनी डायरी आपल्याकडे वळवली आणि पहिल्या पानापासून वाचली, या वेळी मनात. हे पान एखाद्या नव्या सिस्टरने आणून दाखवलं असतं तर ताईंनी काय केलं असतं? तिची खाट ओढून आधी आपल्या टेबलाशेजारी आणली असती. एक माणूस रोज दुपारी जवळ बसवलं असतं. डॉक्टरांना जेवणावरून उठवलं असतं. आणि इथे तीन आठवडे त्या एका पोरीला बुडताना बघत होत्या, वेळ टाकून लिहीत होत्या आणि खूश होत होत्या. ताईंना स्वतःची शरम वाटली. आणि खोटं कशाला बोला, त्या शरमेच्या खाली हेवा होता तसाच होता, तसूभर हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धाकटीला चादरींच्या खोलीत बोलावलं. दार लोटलं. म्हणाल्या, "बस."

"मी मस्त आहे, ताई."

"मी विचारलंसुद्धा नाही अजून. अठरा दिवस सात तास झोपतेस? एक दिवस साडेसहा नाही, एक दिवस साडेसात नाही?"

धाकटीचं हसू जागचं हललं नाही, पण मान लाल झाली. "तुम्ही मोजता?"

"मोजते."

"कशासाठी?"

ताई चादरीची घडी मोडून परत घालायला लागल्या. धाकटी उठली.

"तुम्हाला हे काम हवं होतं, ते वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे. मागितलं असतंत तर मी हसत दिलं असतं. पण माझ्या डब्यात डोकावायचं, बाथरूमच्या बाहेर उभं राहायचं? शोभत नाही, ताई, तुम्हाला." आणि दार उघडून गेली. तिचा शब्दन् शब्द खरा होता.

दुपारी औषधांची ट्रॉली निघाली. ताई दोन पावलं मागे. खाट नऊपाशी धाकटीने गोळ्यांची वाटी पुढे केली आणि ताईंनी तिचं मनगट धरलं. वाटीत मालकीणबाईंच्या गोळ्या होत्या, चौदा नंबरच्या. चार वेळा मोजून चार वेळा चुकीच्या वाटीत मोजल्या होत्या. खाट नऊने त्या घेतल्या असत्या तर दिवसभर शुद्धीवर आली नसती. ताईंनी वाटी बदलली, राऊंड पुरी केली आणि मग कोपऱ्यात धाकटीकडे वळल्या. पोरगी पांढरीफटक पडली होती.

"कोणाला सांगू नका," ती म्हणाली. "ताई, पाया पडते. सगळ्यांचं माझ्याकडे आहे. कोणाची झोप, कोणाचे सासरे, कोणाचं काय. घरी गेले तरी कानात तेच चालू असतं. मीच पडले तर या कोणाकडे जातील? तुम्ही आहात ना. आपण दोघी बघू. मी तुम्हाला रोज खरं सांगीन, फक्त तुम्हाला."

फक्त तुम्हाला! गेल्या दोन महिन्यांत ताईंना इतकं गोड कोणी काही बोललं नव्हतं. चादरींची खोली पुन्हा भरणार, दार लोटून ही पोरगी आपल्या खांद्यावर रडणार आणि वर्षाने सगळ्यांसमोर म्हणणार, ताई होत्या म्हणून टिकले. गप्प बसलं की एवढं सगळं मिळत होतं. आणि बोललं की? बोललं की ताई म्हणजे जळकुटी म्हातारी, जिने पोरीचे पाय ओढले. हा शिक्का मग निवृत्त होईपर्यंत पुसायचा नाही. ताईंनी धाकटीचे हात बघितले. ते अजून थरथरत होते. हे दोन मिनिटं रडून आणि तोंड धुवून भागणारं दुखणं नव्हतं, आणि हे ताईंपेक्षा जास्त कोणाला कळणार होतं?

"माझ्यावर राग धर हवा तर," त्या म्हणाल्या आणि जिना चढून मेट्रनबाईंकडे गेल्या.

मेट्रनबाईंनी ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "ताई, रागावू नका, पण हेच दुसरं कोणी सांगितलं असतं तर..."

"तर तुम्ही एव्हाना उठला असतात. ठाऊक आहे मला. मी त्या पोरीवर जळते, मेट्रनबाई. पहिल्या टाळीपासून जळते. ही डायरी तिला खाली ओढायलाच लिहिली. आता तुम्ही ती वाचा, आणि ही बाई आपल्या वीस खाटांपैकी कुठल्याही खाटेवर असती तर जे केलं असतं ते करा. माझं काय म्हणायचं ते नंतर म्हणा."

मेट्रनबाईंनी वाचलं. तिसऱ्या पानाला त्या उठल्या.

तासाभराने धाकटी त्या खोलीतून बाहेर आली ती डोळे सुजवून. सोबत डॉक्टर होते. सहा आठवड्यांची रजा, औषध, उपचार. तिने पर्स उचलली, चाव्या टेबलावर ठेवल्या आणि ताईंच्या समोरून मान वर न करता गेली.

वॉर्डात बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो! बडबडी सिस्टर गप्प झाली. ती गप्प झाली म्हणजे काय समजायचं ते समजा. उंच सिस्टर मात्र तोंडावर म्हणाली, "मिळालं का मनासारखं?" ताई जेवायला बसल्या की शेजारची खुर्ची रिकामी व्हायची. मालकीणबाई तेवढ्या प्रसन्न होत्या. त्या कामगाराची रजा आपणच मंजूर केली, असं सगळ्यांना सांगत फिरत होत्या.

आठ दिवसांनी मेट्रनबाई म्हणाल्या, "सोबतीण म्हणून आता तुम्हीच. दुसरं कोण आहे?" घ्या! इतके दिवस जिच्यासाठी जीव जळला ती गोष्ट ताटात वाढून आली, आणि ताईंचा हात पुढे होईना. नवरा म्हणाला, "नाही म्हण. सगळ्यांची तोंडं बंद होतील." खरंच होतं त्याचं. नाही म्हटलं की ताई धुतल्या तांदळासारख्या. उद्या नाहीच म्हणायचं, असं पक्कं करून त्या ड्यूटीवर गेल्या. त्या सकाळी खाट नऊ उंच सिस्टरच्या दंडाला कडकडून चावली. तिने एकटीनेच जखम धुतली, एकटीनेच जाऊन टाके घालून आली, आणि दोन वाजता म्हणाली, "एकवीस. सगळं ठीक." ते ताईंचेच शब्द होते, ताईंच्याच सुरात. कोणी विचारलं नाही, चाव्या घेतल्या. ताई तशाच उठून वर गेल्या आणि हो म्हणून आल्या.

दुसऱ्या दिवशी वीस खाटा झाल्यावर ताईंनी चाव्या हातातच ठेवल्या. समोर चारपाच चेहरे, सगळे भिंतीसारखे.

"खाट एकवीस," ताई म्हणाल्या. "वय त्रेपन्न. झोप ठीक. जेवण ठीक. मन जळतं. तुम्ही माझ्या पाठीमागे जे बोलता ते बरोबर आहे. मला तिचा हेवा वाटत होता, अजूनही वाटतो. ती आजारी होती हेही बरोबर आहे. आता माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका, पण हाताला किती टाके पडले ते तरी सांगा."

उंच सिस्टर खिडकीकडे बघत म्हणाली, "चार." बस, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की हात ठणकतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात बडबडीने तोंड उघडलं, आणि मग ते बंद करायला ताईंना घड्याळ दाखवावं लागलं. ताई ऐकायच्या. मात्र एक नियम त्यांनी घातला. घरी फोन करायचा नाही, मला नाही आणि एकमेकींनाही नाही. दोनला बसायचं, अडीचला उठायचं, आणि कोणाचं जड झालं तर ते वर सांगायचं. एकीच्या डोक्यावर सगळ्यांचं ओझं नको. मुली मान डोलवायच्या, सगळं सांगायच्या. पण "ताई होत्या म्हणून," असं काही आता कोणी म्हणत नव्हतं.

सातव्या आठवड्यात धाकटी आली. गाल जरा भरले होते, चाल थोडी सावकाश झाली होती. सगळ्या धावत गेल्या, कोणी मिठी मारली, कोणी रडली. मालकीणबाईंनी बोटं पुढे केली. नखं वाढली होती, सहा आठवडे ताईंना हात लावू दिला नव्हता. ताई टेबलापाशी उभ्या होत्या, आणि त्यांच्या पोटात दुखलं ते दुखलंच.

दोन वाजले. वीस खाटा झाल्या. धाकटी शेवटच्या खुर्चीवर बसली होती. ताई तिच्याकडे वळल्या. "तुझी सांग."

"खाट एकवीस," धाकटी म्हणाली. "झोप तुटक, पाच तास. काल सव्वापाच. जेवण, आई समोर बसून घालते तेवढं. मन..." तिने सरळ ताईंच्या डोळ्यांत बघितलं. "राग आहे. ताईंचा. त्या वर गेल्या नसत्या तर माझं काय झालं असतं, ते डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं. मला कळलंय. तरी राग आहे."

ताईंनी सिस्टर जसं पेशंटला विचारते तसं विचारलं, "सकाळी जास्त असतो की संध्याकाळी?"

"तुमचा चेहरा दिसला की."

उंच सिस्टरला हसू फुटलं, मग बडबडीला, मग खुद्द धाकटीलाही थोडंसं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि टेबलावरच्या चाव्यांसाठी हात पुढे केला. धाकटीने चाव्या ओढून स्वतःच्या मांडीवर ठेवल्या.

"आधी तुमची एकवीस."

"जेवण पूर्ण," ताई म्हणाल्या. "मन... तू आत आलीस तेव्हा सगळ्या धावल्या. मी पाच आठवडे इथे बसतेय, माझ्यासाठी कोणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. हेवा वाटला. अजून वाटतो."

"आणि झोप?"

ताईंनी रोजचं "ठीक" म्हणायला तोंड उघडलं, आणि ते आलंच नाही. समोर सगळ्या बघत होत्या.

"नव्हती," त्या म्हणाल्या. "तू गेलीस त्या दिवसापासून नव्हती. तू काही करून बसलीस तर, म्हणून. काल मेट्रनबाईंनी सांगितलं तू येणार, तेव्हा लागली."